दार न उघडणारा

बाजारामागच्या गल्लीत मटणाचं एक दुकान आहे. दुकानाच्या वर एक खोली आहे, आणि त्या खोलीला कित्येक वर्षं दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दार तेवढं नव्हतं. तिथं राहणारा माणूस खालच्या दुकानात मांस तोडतो. डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, कपाळावर दगडाचा जुना व्रण, बोलणं मोजकं. लोक त्याला कुलूप म्हणतात. घराला दार नव्हतं आणि नाव कुलूप, म्हणून नवीन गिऱ्हाईक हसायचं. हसू द्या बापड्याला. त्याला काय ठाऊक!

कुलूप तरुणपणी कत्तलखान्यात होता. हात असा बसलेला, की जनावराला कळायच्या आत काम आटोपायचं. हाडापासून मांस सोडवायची त्याची एक पातळ, लांब सुरी होती, ती तो दुसऱ्या कुणाला हातात धरू द्यायचा नाही. आणि राग? राग तर नाकाच्या शेंड्यावर. शब्दाला शब्द लागला की ह्याचा हात उठलाच. कुणाचे दात पाड, कुणाचं नाक फोड. आईबाप लवकर गेले होते, घरात एक धाकटी बहीण. तिला ह्यानंच लहानाची मोठी केली. ती त्याचे रक्ताने भिजलेले कपडे धुवायची आणि वर तोंडही वाजवायची, "दादा, जनावराचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं, तेवढं सांगून टाक. माणसाचं जास्त घासावं लागतं." सगळ्या गावाला घाबरवणारा हा माणूस तिच्यासमोर मात्र मुकाट जेवायला बसायचा.

एकदा कत्तलखान्याच्या फाटकात एका गाडीवानाशी त्याचं वाजलं. गाडी आधी कुणाची, एवढंच कारण. गाडीवानानं चाबूक उगारला आणि ह्यानं सुरी त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत घातली. तो माणूस आडवा झाला, लोक ओरडत धावले, आणि हा पळत सुटला. पळता पळता मठाच्या सभागृहात शिरला. आत महाराजांचं प्रवचन चाललेलं. हातात रक्ताळलेली सुरी घेतलेला कसाई दारात बघून बायकांनी किंकाळ्या फोडल्या, पुरुष भिंतीला चिकटले. एकटे महाराज आसनावरून उतरले, सरळ त्याच्यासमोर आले आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले. "जड झाली असेल."

ह्यानं सुरी दिली आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. खरं सांगायचं तर त्या वेळी महाराजांच्या मनात पाप नव्हतं, असं मला आजही वाटतं. ती हिंमत खरी होती. पण हजार माणसांनी ती पाहिली, तिची वाहवा केली, आणि तिथंच घाण झाली.

गाडीवान वाचला, पुढे मिटवामिटवी झाली, आणि कसाई मठाचा दरवान झाला. सुरी सभागृहाच्या भिंतीवर खिळ्याला टांगली गेली. दर प्रवचनाला महाराज आधी सुरीकडे बोट दाखवायचे, मग ह्याच्याकडे. ह्यानं उठून उभं राहायचं, लोकांनी हात जोडायचे. सुरवातीला तो लाजेनं खाली बघायचा. नंतर नंतर महाराजांचं बोट वळायच्या आधीच उठू लागला. सुरीला गंज चढू नये म्हणून तेल लावायचं काम त्याच्याकडेच होतं. तेल लावता लावता तो ती दगडावर घासूनही ठेवायचा. बोथट सुरी त्याच्यानं बघवायची नाही, सवयीला काय करणार! हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. धाकटीला मात्र दिसायचं. तीही आता मठाच्या धुणीघरात कामाला होती.

महाराज दिवसातून एकदा जेवायचे, जमिनीवर झोपायचे, बाईमाणूस समोर आलं की नजर पायांवर ठेवायचे. आणि हे सगळं आपण करतो, हे लोकांना सांगायलाही विसरायचे नाहीत. "मोह माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो," ते म्हणायचे, "आणि काही हाती लागत नाही म्हणून चपला चोरून पळतो!" लोक खो खो हसायचे.

मठाच्या मागच्या अंगाला पूर्वीचं धान्याचं कोठार होतं. दगडी भिंती, उंचावर एक झरोका, जाड फळ्यांचं दार. महाराजांनी त्याची शुद्धीची खोली केली. ज्याला आपलं मन मळलंय असं वाटेल त्यानं सकाळच्या घंटेला आत जायचं, संध्याकाळच्या घंटेला बाहेर यायचं. आत एक जुनी रिकामी कणगी आणि पाण्याचा घडा, बाकी काही नाही. दाराला बाहेरून आडणा, म्हणजे आडवी लोखंडी पहार, आणि कुलूप, आणि किल्ली दरवानाच्या कमरेला. नियम एकच होता. आतून कितीही हाका आल्या तरी घंटेआधी उघडायचं नाही. आत ओरडतो तो माणूस नसतो, तो मोह असतो. माणसातून निघायला लागला की तो असाच बोंबलतो.

एक दारुडा आत गेला होता. दुपारपासून त्यानं दारावर डोकं आपटायला सुरवात केली, दात पाडून घेतले, फळ्यांवर नखं मोडली, आईची शपथ घालून घालून गयावया केली. आपला पठ्ठ्या हलला नाही. संध्याकाळी दारुडा रक्तानं माखून बाहेर आला. पुढे त्याची दारू सुटली आणि तो येऊन दरवानाच्या पाया पडला. झालं! त्या दिवसापासून लोक त्याला कुलूप म्हणू लागले आणि ते नाव त्यानं छाती फुगवून मिरवलं. महाराज तर प्रवचनात गर्जायचे, "उद्या माझ्या आवाजात हाक आली तरी हा उघडायचा नाही! काय रे?"

"नाही उघडणार!" हा तितक्याच जोरात ओरडायचा, आणि सभा टाळ्यांनी दणाणून जायची.

बायकाही त्या खोलीत जायच्या. कुणी नवऱ्याशी भांडते म्हणून सासरच्यांनी आणलेली, कुणी आपल्याच मनानं आलेली. सकाळी रडत आत जायच्या आणि संध्याकाळी अगदी गप्प बाहेर यायच्या. डोळे वर करायच्या नाहीत, कुणाशी बोलायच्या नाहीत. कुलूप त्यांच्याकडे कौतुकानं बघायचा. शुद्ध झाली, म्हणायचा. अक्कल गहाण ठेवलेला माणूस असा असतो बघा.

एका संध्याकाळी धाकटी घरी आली ती जेवायला न बसता त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, त्या खोलीला आणखी एक दार आहे. धान्याच्या कणगीमागे. महाराजांच्या खोलीतून निघतं. त्यांचे कपडे मी धुते, दादा. कपड्यांवर काय असतं ते मला दिसतं. आणि त्यांची नजर पायांवर नसते. माझ्यावर असते."

कुलपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातानं तिला भरवलं होतं त्याच हातानं त्यानं तिला अशी मारली, की ती चुलीवर जाऊन आपटली आणि ओठ फाटला. धाकटीनं पदरानं ओठ पुसला.

"हे माणसाचं रक्त," ती म्हणाली. "घासावं लागेल."

दुसऱ्या दिवशी हा शहाणा स्वतःच्या पायांनी महाराजांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. महाराज, माझ्या बहिणीच्या जिभेवर मोह बसलाय. महाराजांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "तिला शुद्ध करायला हवं. पण बहीण आहे रे तुझी. आपल्या माणसाची हाक ऐकून दार न उघडणं, हे कुणालाही जमत नाही. तुला जमेल?"

"मला न जमायला काय झालं?" हा म्हणाला. नेमकी ह्याची कळ कुठं आहे ते त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

धाकटीनं आकांडतांडव केलं नाही. पुढल्या सकाळी घंटेच्या आधी सभागृह झाडलं, हात धुतले आणि कोठारापाशी येऊन उभी राहिली. आत जाणाऱ्याची झडती घ्यायची, हा दरवानाचा नियम. बहिणीच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काहीतरीच, म्हणून कुलपानं तोंड फिरवलं आणि झडती तशीच सोडून दिली.

"शेवटचं विचारते, दादा. मी हाक मारली तर उघडशील?"

"तू हाक मारणारच नाहीस. मारली तर तो मोह मारील."

ती फाटक्या ओठानं हसली. "बरं," म्हणाली आणि आत गेली. त्यानं आडणा घातला, कुलूप लावलं, दारासमोर मांडी ठोकून बसला.

सकाळ शांत गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आतून पहिली हाक आली.

"दादा! दादा, तो आत आलाय!"

कुलपानं मांड्यांवर मुठी आवळल्या. आत धडपड झाली, घडा फुटला, काहीतरी भिंतीवर आपटलं. "सोड! दादा! दादा उघड, दादा!" कापड टरकल्याचा आवाज आला. कातडीवर हात बसल्याचा आवाज आला. तो आवाज त्याला चांगला ठाऊक होता, परवाच त्यानं केला होता.

तो उठला. किल्ली कुलपात घातली. अर्धी फिरवली.

मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. दर वेळी इथं आलो की मला वाटतं, आता तरी हा किल्ली पुरी फिरवील. फिरव ना मेल्या! तुझी बहीण आहे आत! पण त्याच्या कानात टाळ्या वाजत होत्या. आपल्या माणसाच्या हाकेला न उघडणारा. सगळ्या मठात एकटा. घाम टपटपत होता, दात एकमेकांवर घासत होते, आणि त्या माणसाला वाटत होतं की आपल्याला जो मोह पडलाय तो हाच, दार उघडायचा. त्यानं किल्ली उलटी फिरवली, बाहेर काढली आणि परत मांडी घातली. जिंकलो, असं त्याला वाटलं. देवा रे!

आतल्या हाका थांबल्या. धापा टाकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग अचानक एक किंकाळी उठली, आणि ती बाईची नव्हती.

"उघड! अरे मी आहे! उघड, ती मला मारतेय!"

महाराजांचा आवाज. हुबेहूब. कुलपाच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि लगेच डोळे भरून आले, आनंदानं! महाराज म्हणाले होते तसंच झालं की. शेवटी मोहानं महाराजांचा आवाज काढला.

"नाही उघडणार!" हा ओरडला.

"अरे गाढवा, मी खरा आहे! तिनं मागच्या दाराची किल्ली झरोक्यातून फेकली, मला मागं जाता येत नाही! उघड, तुला गादीवर बसवतो! उघड, हरामखोर कसाया! तुझ्या आईला..." आणि पुढे अशा शिव्या, की कत्तलखान्यातही कुणी देत नसे. महाराज कधी असं बोलतील काय? ह्याची तर खात्रीच पटली. दारावर बुक्क्या बसत होत्या, नखं ओरबाडत होती, दारुड्यानं केलं होतं तस्संच. तो डोळे मिटून, हात जोडून डुलत होता.

मग बुक्क्या थांबल्या आणि दाराच्या अगदी खालच्या अंगाला एक आवाज आला. ओला, फुरफुरणारा, हवा आणि रक्त एकत्र ओढल्याचा. कुलपानं खाडकन डोळे उघडले. हा आवाज त्यानं आयुष्यभर ऐकला होता. नरडं कापलं की येतो तो. मोह काय वाटेल ती बोली बोलेल, पण मोहाला नरडं कुठून येणार?

दाराखालून रक्त आलं आणि त्याच्या घोट्यांना लागलं. ऊन होतं.

किल्ली हातातून दोनदा पडली. घंटेला अजून खूप वेळ होता. त्यानं दार उघडलं तेव्हा महाराज त्याच्या पायांवरच कोसळले आणि दोन आचके देऊन थंड झाले. नखं मोडलेली, तोंड वासलेलं, अंगावर सुरीचे वार, आणि त्यांतला एक गळ्यावर. समोरच्या भिंतीला टेकून धाकटी बसली होती. एक डोळा सुजून बंद झालेला, गळ्यावर बोटांचे वळ, चोळीची बाही फाटून लोंबत होती. दोन्ही हातांनी तिनं सुरी धरली होती. सभागृहातल्या खिळ्यावरची.

"धार चांगली ठेवली होतीस," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

हा महाराजांचं प्रेत ओलांडून आत आला.

"दादा, मी हाक मारली तेव्हा तू दाराशी होतास?"

"होतो."

"किल्ली?"

"कुलपात घातली होती."

"फिरवलीस?"

त्यानं वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "अर्धी."

"अर्धी," ती म्हणाली, आणि तिनं नजर दुसरीकडे वळवली.

एवढ्यात ओरडा ऐकून माणसं अंगणातून येऊ लागली होती. कुलूप खाली वाकला. "सुरी मला दे. मी मारलं म्हणतो. मला सगळे ओळखतात, कुणाला शंका यायची नाही."

"नाही द्यायची!" ती किंचाळली. "आता हेही तूच नेणार? तुझा मोठेपणा पुरे झाला! त्याला मी मारलाय. का मारला ते मी सांगणार आहे, माझ्या तोंडानं. तू फक्त दारात उभा राहा. तेवढं तरी जमेल का?"

तो उभा राहिला. हातात लोखंडी आडणा घेतला आणि उंबऱ्यावर पाय रोवले. माणसांनी महाराजांचं प्रेत बघितलं आणि पिसाळली. कालपर्यंत ह्याला हात जोडणारीच ती. "मारा! बाईला बाहेर ओढा!" पहिला दगड ह्याच्या कपाळावर बसला. पहिला जो आत घुसू बघत होता त्याच्या गुडघ्यावर ह्यानं आडणा घातला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसऱ्याची बरगडी, तिसऱ्याचं मनगट. कुणीतरी लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली. ती त्यानं डाव्या हातानं अडवली आणि दोन बोटं तिथंच मातीत पडली. डोळ्यांत रक्त उतरलेलं, दिसत काही नव्हतं, तरी आडणा फिरत होता. खाली पडला तेव्हाही आडवा पडला तो उंबऱ्यावरच. त्याच्या अंगावर नाचत होते, लाथा घालत होते, पण पोलीस येईपर्यंत त्याला ओलांडून आत कुणी गेलं नाही.

खटला उभा राहिला. भक्तांनी धाकटीला नाही नाही ते ठरवलं, चेटकीण काय नि काय काय. सुरी आधीच घेऊन गेली होती, म्हणजे ठरवूनच मारलं, असं वकील म्हणाला. तेव्हा कुलूप साक्षीला उभा राहिला आणि सगळं सांगितलं. थप्पड सांगितली, महाराजांकडे चुगली केली ते सांगितलं, न घेतलेली झडती सांगितली, अर्धी किल्ली सांगितली. सभागृहात टाळ्या घेणारा माणूस कोर्टात भर लोकांत मान खाली घालून उभा होता. त्याच्यानंतर एक बाई उठली. मग दुसरी, मग आणखी एक. त्या खोलीतून संध्याकाळी गप्प बाहेर आलेल्या. एकेक जण बोलायला लागली, आणि तो खाली बसून ऐकत राहिला. शुद्ध झाली, असं जिच्या जिच्याबद्दल म्हणाला होता, तिचं तिचं त्याला ऐकावं लागलं. त्यातली एक जाता जाता त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं पुसलं नाही.

धाकटी सुटली. कोर्टाच्या पायऱ्या उतरून त्याच्या अंगावरून गेली, थांबली नाही. दुसऱ्या गावी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली, असं नंतर कळलं. ह्यानं मांस तोडायचं काम परत धरलं. दुकानावरची खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी दार बिजागरीतून काढून जिन्याखाली उभं केलं. थंडीवारा आत यायचा, मांजरं यायची, भुरटा चोर येऊन भांडी घेऊन गेला. मालक म्हणाला, वेड लागलंय का? हा म्हणाला, असू दे.

केस पिकले. आणि एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. तो चटईवर पडला होता, उठून बसला. चौकटीत धाकटी उभी. डोक्यात पांढरं आलेलं, हात सोड्यानं फाटलेले. ती आत आली नाही. चौकटीवरून हात फिरवला, मोकळ्या बिजागऱ्या बघितल्या.

"हे काय सोंग?"

"दार नकोच वाटतं."

"तुला वाटतं!" ती कडाडली. "तुला सोयीचं आहे ते! दारच नाही म्हणजे उघडायचा प्रश्नच नाही. सुटलास! आणि मी वाजवू काय? तुझं डोकं?"

तो चटईवरून उठून उभा राहिला.

"दार बसव," ती म्हणाली. "आतून कडी लाव. मी येईन एखाद्या दिवशी. कधी ते सांगणार नाही."

गेली. त्यानं त्याच संध्याकाळी जिन्याखालचं दार वर आणलं. बिजागऱ्यांना तेल घातलं, नवी कडी बसवली. मग सुरू झालं ते वाट बघणं. दूधवाला वाजवो, मालक वाजवो, वाऱ्यानं दार हलो, हा तोंडातला घास टाकून धावायचा. जेवण असं कधी पुरं झालं नाही. पाऊस गेला, थंडी गेली. दुकानाचा मालक म्हणायचा, येणार नाही रे ती आता. हा कडीला तेल घालत राहायचा.

ऊन तापायला लागल्यावर एका दुपारी दार वाजलं. एकदाच, हळू. तो अंगाला साबण लावत होता. तसाच उठला, ओल्या फरशीवर घसरला, गुडघा फुटला, कडीला ओला हात धरेना, शेवटी दोन्ही हातांनी ओढली आणि दार स्वतःच्याच कपाळावर आपटून घेतलं. जुन्या व्रणावरच लागलं, रक्त आलं.

बाहेर धाकटी उभी होती. हातात कपड्यांचं बोचकं. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, साबणाकडे, रक्ताकडे, उघड्या दाराकडे.

"उशीर केलास," ती म्हणाली, आणि आत आली.